‘मी जातो’ म्हणणारी आजी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बेळगावातल्या शहापूरचा. छापखान्यात ३१ वर्षं काढली, आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग संगणकावर डीटीपीला बसलो. गेल्या महिन्यात शेजारची पोरगी दोन मैत्रिणींना घेऊन दारात हजर. बीएच्या दुसऱ्या वर्षाच्या. “काका, आम्ही मासिक काढालोय. प्रुफं बघशीला काय?”

कॉलेजचा वार्षिक अंक निघतोच. त्यात अहवाल, मनोगतं आणि बक्षीसवाल्यांचे फोटो. कविता उरल्या जागेत. म्हणून ह्यांचा वेगळा अंक. हिशेब ३० पानांचा करून आल्या होत्या. मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात म्हटल्यावर दोन पानं कशानं भरायची यावर माझ्याच कट्ट्यावर तासभर भांडल्या. मजकूर मोबाइलवर टाइप केलेला, छापखान्याचा फाँट जुना. फाँट बदलताना ‘शेतकऱ्याची’चं सगळीकडं ‘शेतकर्याची’ झालं. तो पापणीसारखा अर्धा र एकेक करून बसवला.

पण पत्र लिहितोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. खानापूरकडच्या मुलीच्या कथेत आजी नातीला म्हणते, “तू घर बघ, मी भांगलाय जातो.” कुणा सरांनी तांबड्या शाईनं ‘जातो’चं ‘जाते’ केलेलं, ‘भांगलाय’चं ‘खुरपायला’. मुलीनं मुकाट्यानं तसंच उतरवलं होतं. अहो, आमच्याकडच्या बायका ‘मी येतो, मी करतो’ असंच बोलतात. ती आजी ‘जाते’ म्हणाली की खानापूरची राहतच नाही.

सरांना नावं ठेवायला मी कोण? उमेदीत मीही लेखकाला न विचारता असले शब्द ‘सुधारून’ जुळवलेत. १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो याच बेळगावात, हे आम्ही छाती काढून सांगतो. आणि आजीच्या तोंडचं मराठी मात्र खोडतो.

मराठीच्या प्राध्यापकांना एवढीच विनंती, निवेदनातलं शुद्धलेखन जरूर तपासा, संवादाला हात लावू नका. बेळगावजवळच्या उचगाव, कडोली, येळ्ळूर या गावांतल्या साहित्य संमेलनवाल्यांनी पुस्तकांच्या स्टॉलवर या पोरींना एक टेबल द्यावं.

शेवटच्या प्रुफात ‘जातो’ परत आलाय. ती ओळ घरी वाचून दाखवली, काय चुकलं म्हणून विचारलं. बायको म्हणाली, “चुकलंय कुठं? वाचा पुढं, मी चहा टाकतो.”

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर,
शहापूर, बेळगाव