कागद वाचायला शिकवणाऱ्या सुभेदारसाहेबांस

आदरणीय सुभेदारसाहेब,
जय हिंद.

जंगी पलटणीतल्या, म्हणजे १ मराठा लाइट इन्फंट्रीतल्या हवालदारसाहेबांचं युद्धचरित्र छापून झालं. "माझं नाव कुठंही घालायचं नाही" असं तुम्ही बजावलं होतं. ते पाळलंय, पण आभार मानायचे नाहीत असं काही तुम्ही म्हणाला नव्हता. लढले ते, लिहिलं आम्ही. त्या दोन्हींमधला सांधा जुळला तो तुम्ही पलटणीत क्लार्क म्हणून सांभाळलेल्या कागदांच्या जाणकारीमुळे. लढाईच्या गोष्टीत क्लार्कला कोणी विचारत नाही, आणि चरित्र लिहायला बसलं की पहिल्यांदा त्याचीच गरज पडते.

मुलाखतीआधी ट्रंक उघडा, हे तुमचं पहिलं सांगणं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), मेडलं, फोटो, चिठ्ठ्या यांतलं जे निघेल त्याचे आधी फोटो काढायचे, आणि सैनिकासमोर बसायचं ते त्यानंतर. नुसता "नंबर" घेतला तरी केवढं कळतं! २७ ने सुरू झाला की मराठा, ४५ ने महार, २६ ने ग्रेनेडियर्स. नायब सुभेदार झाल्यावर मिळणारा जेसी (ज्युनियर कमिशन्ड अधिकाऱ्याचा) नंबर वेगळा, त्यामुळे एकाच माणसाचे दोन नंबर दिसले म्हणून दोन माणसं समजायची नाहीत. डिस्चार्जच्या कारणापुढचा आर्मी रूल १३(३), म्हणजे फौजेतून सोडण्याचा नियम, वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. टेबलातली तीन (एक) नोंद म्हणजे मुदत पूर्ण करून सुटला, तीन (तीन) म्हणजे वैद्यकीय कारणाने, तीन (चार) म्हणजे स्वतःच्या अर्जावरून. घरच्यांनी "जखमी होऊन परत आले" असं कितीही सांगितलं, तरी हा आकडा बघितल्याशिवाय ते वाक्य लिहायचं नाही. जुन्या भरतीत कलर सर्व्हिस, म्हणजे पलटणीतली प्रत्यक्ष नोकरी, संपल्यावर रिझर्व्हची मुदत असे, आणि रिझर्व्हवरचा जवान लढाईला परत बोलावला जाई. त्यामुळे आधी घरी आलेला माणूस लढाईत कसा, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा तिथंच असतं. जन्मतारीख मात्र भरतीच्या वेळी सांगितलेली, ती शाळेच्या दाखल्याशी जुळेलच असं नाही. आम्ही दोन्ही दिल्यात.

मेडलांचंही तसंच. रिबनच्या रंगावर जायचं नाही, मेडल हातात घेऊन भिंगातून कडा वाचायची. कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. कोर्ट माउंटिंग, म्हणजे मेडलं पट्टीवर ओळीने बसवण्याचं काम, करताना दुकानदाराने बदली मेडल लावलं असेल तर कडा कोरी निघते. 'पूर्वी स्टार' नावाचं मेडल असेल तर माणूस १९७१ मध्ये पूर्वेच्या आघाडीवर होता, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिमेच्या. संग्राम मेडल त्या काळात फौजेत असलेल्या कोणालाही मिळालं, त्यावरून आघाडी ठरत नाही. समर सेवा स्टार १९६५ चा. हवालदारसाहेबांच्या आठवणीत दोन्ही लढाया इतक्या मिसळल्या होत्या की एकाच खंदकात ते कधी पंजाबच्या उसात होते, कधी बंगालच्या भातात. हा गुंता मेडलांच्या ओळीनेच सुटला.

चिठ्ठ्यांवर गावाचं नाव नसतं, म्हणून बाजूला ठेवू नका, असं तुम्ही सांगितलंत. पत्त्यात ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर टपाल दिल्लीमार्गे, ९९ एपीओ असेल तर कलकत्त्यामार्गे, म्हणजे पूर्वेला. आणि शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर व तारीख असते. एकाच शिक्क्याच्या चिठ्ठ्या तारखेने लावल्या की पलटण कधी हलली ते कळतं. निळ्या इनलँडची घडी उघडताना शिक्क्यावरच चीर जाते, म्हणून आधी न उघडता दोन्ही बाजूंनी स्कॅन. ही सूचना आता आमच्या कामाच्या वहीत पहिल्या पानावर आहे.

पण सगळ्यात जास्त ऋण चंद्राच्या बाबतीतलं. हवालदारसाहेब ठामपणे सांगत होते की १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) जमालपूरला शत्रू अंगावर आला तेव्हा "संध्याकाळपासूनच टिपूर चांदणं" होतं. तुम्ही पंचांग काढायला लावलंत. १९७१ ची मार्गशीर्ष पौर्णिमा डिसेंबरच्या १-२ तारखेला. पाकिस्तानी विमानांचा हल्ला ३ च्या संध्याकाळी, सरहद्दीवरच्या कमालपूरची पाकिस्तानी शिबंदी शरण आली ४ ला. जमालपुरातून पाकिस्तानी तुकडीने वेढा फोडायचा प्रयत्न केला तो १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री, म्हणजे कृष्ण नवमीच्या आसपास. त्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणारा, संध्याकाळी चांदणं असणं शक्य नाही. मग हवालदारसाहेब खोटं बोलत होते का? मुळीच नाही. चांदणं खरं होतं, पण ते लढाईच्या सुरुवातीच्या, कमालपूरच्या बाजूच्या चालीतलं. नंतरच्या मोठ्या रात्रीने ते स्वतःकडे ओढून घेतलं. हवालदारसाहेबांच्या घरच्या काकूंना विचारल्यावर त्या चटकन म्हणाल्या, "दत्तजयंती झाली आणि दोन दिवसांत रेडिओवर लढाई लागली." तारीख विचारली असती तर त्यांना सांगता आली नसती. तेव्हापासून आम्ही घरच्या बायकांना तारीख न विचारता सण विचारतो.

घड्याळाचंही तसंच. ढाक्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. तिकडच्या कथनातला दीड म्हणजे आपला एक. हे जुळवलं नाही तर एकच हल्ला दोनदा झालेला दिसतो.

त्या गोळीच्या चिठ्ठीबद्दलही बोलायला हवं. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याबद्दल पाठवलेल्या पत्राला जमालपूरचे पाकिस्तानी कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूद यांनी चिठ्ठीत गोळी गुंडाळून उत्तर दिलं, ही हकीकत सगळ्यांना माहीत आहे. अडचण तीच आहे. पलटणीतला प्रत्येक माणूस ती स्वतः पाहिल्यासारखी सांगतो. यावर तुम्ही दिलेला प्रश्न साधा होता: "हे तुम्ही पाहिलंत, त्याच दिवशी ऐकलंत, की नंतर बडाखान्यात (पलटणीच्या मेजवानीत) ऐकलंत?" तीन पर्याय दिले की माणसाला कमीपणा वाटत नाही. हवालदारसाहेब हसून म्हणाले, "बडाखान्यात." पुस्तकात तसंच छापलंय, आणि आमच्या मते ते पान त्यामुळेच विश्वासाचं झालंय.

मुलाखतीच्या बाकी गोष्टी थोडक्यात, कारण त्या आता सवयीच्या झाल्या. सव्वा तासापेक्षा जास्त बैठक नाही. त्यापुढे माणूस थकतो आणि नेहमीचे ठेवणीतले किस्से सुरू होतात. मॉर्टर किंवा आरसीएलवर (रिकॉइललेस तोफेवर) काम केलेल्याचा एक कान बहुधा गेलेला असतो, आधी विचारून चांगल्या कानाकडे बसायचं. कॉलर माइक लावायचा, पंखा बंद, दोन रेकॉर्डर, फाइल वेव्ह स्वरूपात. तासाभराचं बोलणं उतरवून घ्यायला पाच-सहा तास जातात, म्हणून प्रत्येक बैठकीनंतर लगेच उतरवायचं, साठवायचं नाही. नातवंडं समोर असली की आजोबा पराक्रमी होतात, निदान एक बैठक त्यांच्याशिवाय. "भीती वाटली का?" हा प्रश्न बाद. त्याऐवजी पाठीवर काय होतं, पाणी किती, खंदक कोणाबरोबर खणला, स्टँड-टूच्या (हत्यार घेऊन सज्ज राहण्याच्या) वेळी शेजारी कोण, शक्करपारे कधी संपले. भीती आपोआप येते. नकाशा लगेच दाखवायचा नाही. आधी कोऱ्या कागदावर त्यांच्याच हाताने नदी, रस्ता, आपली प्लाटून काढून घ्यायची. छापील नकाशा आधी पुढे केला की ते नकाशाला हो म्हणत सुटतात.

मेलेल्या सोबत्यांची नावं हा नाजूक भाग. कंपनीत कदम आडनावाचे तीन, त्यामुळे नंबरचे शेवटचे आकडे लावून हाक मारायची फौजेची रीत आम्हीही ठेवली. प्रत्येक नाव दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या त्यागचक्राच्या (शहिदांची नावं कोरलेल्या भिंतींच्या) नोंदींशी ताडलं. तिथलं इंग्रजी स्पेलिंग आणि गावातला उच्चार यांत फरक पडतो, म्हणून गावही बघायचं. कसा मेला याचा तपशील घरच्यांना वेगळा कळवला गेला असेल तर तो छापायच्या आधी त्या घरी जाऊन बोलायचं, हे तुम्ही निक्षून सांगितलं होतंत. एका ठिकाणी त्या घराने नको म्हटलं. तो परिच्छेद काढला, रेकॉर्डिंग कुटुंबाकडे सोपवलं.

जिथं कागद आणि आठवण जुळली नाही तिथं आठवण दुरुस्त केलेली नाही. मजकुरात त्यांचं म्हणणं, तळटीपेत कागदाचं. तुमचा याला थोडा विरोध होता, क्लार्कला दोन नोंदी खपत नाहीत हे समजतं. पण चांदणं त्यांच्या वाक्यात राहू दिलंय आणि पंचांग खाली.

दोन प्रती पोस्टाने पाठवल्या आहेत. परिशिष्टातली हुद्द्यांची यादी एकदा लाल पेनाने बघून द्यावी. लान्स नायक आणि पेड-अनपेडचा (त्या हुद्द्याचा पगार मिळणारा की न मिळणारा याचा) घोळ आम्हाला अजून पक्का उलगडलेला नाही, आणि दुसरी आवृत्ती निघण्याआधी तो सुटायला हवा.

आपले कृतज्ञ,
चरित्राचे लेखक-संपादक