किती म्हशी भरवल्या ते नको, किती गाभण राहिल्या ते सांगा

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

लिंगवर्गीकृत रेतमात्रा, म्हणजे मादीच जन्मावी म्हणून वेगळ्या केलेल्या रेताच्या (वीर्याच्या) कांड्या, स्वस्तात देण्याची योजना चांगली आहे. दहात नऊ वेळा पारडी होणार असेल तर कोणाला नको? पण आधी म्हैस गाभण राहायला हवी ना.

गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या गाईवर उडते. म्हशीचा माज बहुतेकदा मुका. थोडी बळस (चिकट स्राव) टाकते, पुन्हापुन्हा लघवी करते, पान्हा चोरते, झालं. तेही पुष्कळदा रात्री नाहीतर पहाटे. कांडी भरायची (कृत्रिम रेतन करायचं) ती माजाच्या उत्तरार्धात, मोजक्या तासांत. पण दवाखाना उघडतो सकाळी, रविवारी बंद, आणि एका पशुधन पर्यवेक्षकाच्या गळ्यात कितीतरी गावं. तो तरी काय करणार? वेळ टळली की पुढचे एकवीस दिवस वैरण-पेंड फुकट. लिंगवर्गीकृत कांडीत तर शुक्राणू नेहमीपेक्षा फारच कमी असतात, तिथे उशीर अजिबात खपत नाही.

म्हैस दोनदा-तीनदा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की माणूस रेडा शोधतो. गावात रेडे आता उरलेत कुठे? नर रेडकू नुसतं दूध पितं म्हणून त्याचे हाल होतात, हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. जो एखादा रेडा उरतो तोच वर्षानुवर्षे फिरतो, स्वतःच्या लेकींवरसुद्धा. सांसर्गिक गर्भपाताची तपासणी तर कोणी करतच नाही. तलवारीसारख्या शिंगांची, निकृष्ट चाऱ्यावरही दूध देणारी आमची पंढरपुरी म्हैस अशानं बिघडते. तिला मुऱ्हा या परप्रांतीय जातीची कांडी भरणं हा त्यावरचा उपाय नव्हे. पंढरपुरीच्याच निवडक रेड्यांचं रेत आमच्या दवाखान्यात कायम असायला हवं.

प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे, रेतनाची नोंद त्यावर होते. तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून तीही तिथेच नोंदवा आणि दवाखान्यागणिक आकडा जाहीर करा. रेतनाच्या संख्येवर पाठ थोपटणं बंद होईल. खासगी रेतन करणाऱ्यांनाही सरकारी भत्ता गाभण म्हशीमागे द्या, कांडीमागे नको.

सप्टेंबर ते फेब्रुवारी म्हशी जास्त माजावर येतात, उन्हाळ्यात फार कमी. निदान तेवढे महिने सांगोला, मंगळवेढा आणि पंढरपूर तालुक्यांत पहाटे पाचपासून फिरती सेवा सुरू करावी, सुट्टीच्या दिवशीही.

आपला,
एक दूध उत्पादक,
ता. सांगोला, जि. सोलापूर