चालढकल वेगळी, उडवाउडवी वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या भाषाविषयक सदरात 'प्रिव्हॅरिकेट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'चालढकल करणे' असा ठोकून दिला आहे. चालढकलीला 'प्रोक्रॅस्टिनेट' म्हणतात. दोन्ही शब्द लांबलचक आहेत आणि उच्चारताना जीभ अडखळते, एवढेच काय ते त्यांचे नाते. हा घोळ इंग्रजी बोलणारेही घालतात, हे मान्य. पण म्हणून तो सदरातून शिकवायचा?

चालढकल करणारा काम उद्यावर टाकतो. प्रिव्हॅरिकेट करणारा आत्ताच बोलतो, फक्त विचारलेले सोडून. गेल्या वर्षी आमच्या विमा कंपनीला मी ई-मेलवर एकच विचारले होते: दावा मंजूर की नामंजूर? उत्तर त्याच दुपारी हजर! 'आपल्या दाव्याची यथोचित नोंद घेण्यात आली असून ग्राहकाचे समाधान हेच आमचे ध्येय आहे.' फोन केला. बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "नामंजूर असं नाही म्हणता येणार, सर." मग मंजूर? "तसंही नाही म्हणता येणार." फाइल आहे कुठे? "प्रोसेसमध्ये." म्हणजे कोणाच्या टेबलावर? "प्रोसेसमध्येच आहे, सर." यात चालढकल कुठे आहे, दाखवा! तत्परतेचे बक्षीसच द्यायला हवे त्यांना. आपल्या सदरलेखकांचा अर्थ धरला तर ही कंपनी निर्दोष सुटते, आणि माझा राग आहे तो त्यावर.

मूळ लॅटिन शब्द वाकडी पावले टाकत चालण्याचा. रोमन कायद्यात, आतून आरोपीला सामील होऊन खटला मुद्दाम ढिला चालवणाऱ्या फिर्यादीला यावरूनच नाव पडले. थोडक्यात, आळसाचा इथे संबंध नाही, लबाडीचा आहे. सदरलेखकांना बहुधा आपल्या 'टाळाटाळ'ने चकवले. टाळाटाळ कामाचीही होते, उत्तराचीही. पण 'उडवाउडवी' हाताशी असताना तिकडे जायचेच कशाला?

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच सदरात, त्याच टाइपात छापा. गेल्या वेळची निविदा सूचनांच्या खाली, भिंग घेऊन शोधावी लागली होती. आणि रविवारच्या शब्दकोड्याचे उत्तर हल्ली छापतच नाही, ते का? विचारले तर आपल्या कार्यालयातून 'जागेअभावी' असे सांगतात. शेजारच्या पानभर जाहिरातीला मात्र जागा मिळते.

आपला,
एक जुना वर्गणीदार