आई-बाबा, गोळ्यांबद्दल जरा बोलायचंय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की आपण तिघंही एकदमच बोलायला लागतो आणि मुद्दा राहूनच जातो, म्हणून नीट टाइप करून पाठवतेय. मोठं झालंय, पण दोघांनी सावकाश वाचा.

बाबा, आधी तुमची ती ॲस्पिरिन. फिरायला येणारे काका रोज घेतात म्हणून तुम्हीही सुरू केलीत, रक्त पातळ राहतं, हार्ट ॲटॅक येत नाही म्हणे. पण काकांना स्टेंट टाकलाय हो. ज्यांना ॲटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांना ती गोळी खरंच लागते, त्यांनी ती मनाने बंद केली तर धोका आहे, हे त्यांनाही सांगा. तुम्हाला मात्र हार्टचा कधीच काही त्रास झालेला नाही, वय सत्तरच्या पुढे, आणि नेमक्या अशाच लोकांवर एक मोठा अभ्यास झालाय, ॲस्प्री नावाचा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत मिळून 19,114 लोक होते. निम्म्यांना रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, साधारण पावणेपाच वर्षं. 2018 मध्ये निकाल आला तर हार्टच्या आजारात म्हणावा असा फरक पडलाच नव्हता, उलट मोठा रक्तस्राव ॲस्पिरिनवाल्यांना जास्त झाला, हजारामागे 38 जणांना, आणि दुसऱ्या गटात 28. म्हणजे ॲस्पिरिन घेणाऱ्या प्रत्येकाला रक्तस्राव होतो असं अजिबात नाही, पण फायदा नसताना तेवढा धोका तरी कशाला घ्यायचा? आधी डॉक्टरही बऱ्याच जणांना द्यायचे, त्यामुळे काकांनी काही चुकीचं सांगितलं असं नाही, पण आता सल्ला बदललाय. 2022 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनेही सांगितलं की हार्टचा आजार नसेल तर साठीनंतर ही गोळी नव्याने सुरू करू नका. तुम्हाला ॲसिडिटी वाढल्यासारखी वाटते ना, ते पण डॉक्टरांना सांगा, आणि शौचाला कधी काळ्या रंगाची झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच दाखवा.

आई, आता तू. गुडघे दुखतात हे मला दिसतं, तू सांगत नाहीस तरी दिसतं. पण तुझ्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे आणि सोबत लघवी वाढवणारं औषध आहे, त्यावर तू डायक्लोफिनॅक ही पेनकिलर रोज घ्यायला लागलीस तर तिन्हींचा मिळून ताण किडनीवर येतो. किडनीत रक्त पुरेसं पोचावं म्हणून शरीर ज्या गोष्टी करतं त्यातच ही तिन्ही औषधं तिन्ही बाजूंनी आड येतात, त्यात उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर आणखीच. शिवाय अशा पेनकिलरने बीपीही चढतं, मग गोळी घेऊन पण बीपी का वाढतंय असं वाटत राहतं. दुखणं सहन कर असं मी म्हणत नाहीये गं. पॅरासिटामॉल किती चालेल, गुडघ्यावर लावायचं जेल चालेल का, फिजिओ कोणता व्यायाम देतील, हे विचारू. आणि किडनी नीट चालतेय ना ते बघायला क्रिएटिनिनची रक्ताची टेस्ट करून घेऊ.

आणि तू पाठवलेली ती बातमी, नागिणीची लस घेतली की स्मृतिभ्रंश होत नाही. मी शोधून वाचलं, आणि खरं सांगू, मला फार आशा वाटली, आजीचे शेवटचे दिवस आठवले. वेल्समध्ये 2013 मध्ये ही लस सुरू झाली तेव्हा 2 सप्टेंबर 1933 च्या आधी जन्मलेल्यांना ती मिळणारच नव्हती, त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना मिळणार होती. म्हणजे एखाद्या आठवड्याने लहान-मोठी माणसं, बाकी सगळं सारखंच, फरक फक्त लसीचा. सात वर्षं बघितल्यावर लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी कमी दिसलं, बायकांमध्ये फरक जास्त. 2025 मध्ये हे छापून आलंय. त्यामुळे "होत नाही" नाही, "कमी जणांना झाला". आणि ती जुनी लस होती, आताची वेगळी आहे, दोन डोस असतात. पण नागीण वाईटच, बरी झाल्यावरही कित्येकांना महिनोन्महिने आग होत राहते, तेवढ्यासाठी तरी लस घ्यावी असं माझं मत आहे. दोघांनीही.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या, बाहेरून आणलेली पावडर, कॅल्शियम, सगळं, काही लपवायचं नाही आई. तिथे पोचलात की मला फोन लावून स्पीकरवर ठेवा. पण बाबा, ॲस्पिरिनसाठी तोपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना उद्याच फोन करा आणि काय म्हणाले ते मला कळवा.

तुमची लेक