मोपाहून शिरोड्याला एक एस.टी. सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात सकाळी साडेसहाला सिंधुदुर्गातल्या आमच्या शिरोड्याहून भावाचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरून पडली होती, खुबा मोडला असावा असं गावातल्या डॉक्टरांचं म्हणणं. आईचं वय ८६. मी परळच्या एका रुग्णालयात ३४ वर्षं परिचारिका होते. या वयात खुबा मोडणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं. ऐन मे महिना, तेव्हा तुतारी, कोकणकन्या, मांडवी, कशातच जागा नव्हती. रात्रीची खासगी बस धरली असती तर पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता. मुलीने मोबाइलवर गोव्याच्या मोपा विमानतळाचं विमान शोधलं आणि मी निघाले.

सव्वा तासात उतरलेसुद्धा. उतरताना खाली जांभ्याचा सडा दिसला, आणि घर जवळ आलं म्हणून जीव थोडा खाली बसला. बाहेर पणजी, कळंगुट, मडगावच्या बसगाड्या उभ्या होत्या. माझ्या बाजूच्या सीटवरची मुलं हरमल, मोरजीची नावं घेत टॅक्सीत बसून गेली. मी शिरोडा म्हटलं तर टॅक्सीवाल्याने विचारलं, "फोंड्याकडचें?" गोव्यातही एक शिरोडा आहे. वेंगुर्ल्याकडचं म्हटल्यावर त्याने नकारार्थी मान हलवली. येताना गाडी रिकामी आणावी लागते. दुसऱ्याने सांगितलेलं भाडं माझ्यासारख्या पेन्शनवर जगणारीला झेपणारं नव्हतं. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्ये, थंयच रव, मी येतंय." शेजाऱ्यांची गाडी मागून तो येईपर्यंत पावणेदोन तास गेले. मुंबईहून यायला लागला त्याहून जास्त वेळ मी बाहेरच्या बाकावर बसून काढला, आणि तिकडे आई खाटेवर कण्हत होती. मग पेडणे, किरणपाणी, पूल ओलांडून आरोंदा, की शिरोडा. रस्ता तो एवढाच.

त्या टॅक्सीवाल्यांवर माझा राग नाही, त्यांनाही पोट आहे. पण मोपाचा हा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ गोव्याच्या जुन्या दाभोळी विमानतळासारखा लांब, नौदलाच्या तळावर नाही. तो पेडणे तालुक्यात, आमच्या अगदी वेशीवर आहे. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात, आणि पहिल्याच टप्प्यात वर्षाला ४४ लाख प्रवाशांची सोय धरून तो बांधलेला आहे. या ४४ लाखांत लालबाग, भांडुप, डोंबिवलीचे सावंतवाडी-वेंगुर्लेकर धरले आहेत की नाहीत? आमच्यापैकी कोणी हौसेने विमानात बसत नाही. घरी कोणी आजारी असतं, कोणी गेलेलं असतं, तेव्हाच पदरचे एवढे पैसे मोडतो.

सिंधुदुर्गला आमचा स्वतःचा चिपीचा विमानतळ आहे, हे मला माहीत आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला तो सुरू झाला तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले होते. मुंबईहून छोटं विमान जायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सेवा थांबली. चिपी नीट चालावा हे माझंही म्हणणं आहेच, पण तोवर मोपा हाताशी आहे ना!

आणि सीमेचं कारण कोणी सांगू नये. सावंतवाडीहून पणजीला एस.टी. कितीतरी वर्षं जाते, गोव्याच्या कदंब महामंडळाची गाडी इकडे येते. आमच्या भागातला अवघड पेशंट अजूनही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातच नेतात. गावातली कितीतरी पोरं रोज सकाळी गोव्यात कामाला जाऊन रात्री परततात. माणसांनी ही सीमा कधी मोजलीच नाही.

मागणी लहान आहे. मुंबईच्या विमानांच्या वेळा बघून मोपाहून दिवसातून निदान तीन फेऱ्या सोडाव्यात: बांदामार्गे सावंतवाडी, आणि आरोंदामार्गे शिरोडा, आरवली, वेंगुर्ला. विमान उशिरा आलं तर गाडीने थांबावं, आणि गाडीची पाटी विमानतळाच्या दारातच दिसावी. अशी गाडी असली तर हरमलला जाणारा पाहुणाही एखादा दिवस रेडी, शिरोड्याच्या किनाऱ्यावर येईल. १९९७ मध्ये आमचा जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आमच्या वाडीतल्या बायका तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी करून खोल्या भाड्याने देतात. त्यांच्याकडे माणूस पोचायला हवा.

आईचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून ती ओटीपर्यंत येते आणि फोनवर एकच विचारते, चतुर्थीक येतलंस मा? रेल्वेचं आरक्षण उघडलं त्या सकाळी मी आठ वाजता मोबाइल घेऊन बसले होते. तिकीट वेटिंगवर आहे.

एक निवृत्त परिचारिका,
लालबाग, मुंबई