आमच्या मुलांनी तुमच्या कचेरीचं फक्त गेट पाहिलं

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कामगार खात्यातल्या नोकऱ्यांची ओळख करून देण्याचा दिलेला आणि मोडलेला शब्द

महोदय, सादर नमस्कार.

मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक भागातल्या एका शाळेत दहावीला शिकवतो. गेल्या आठवड्यात आमच्या वर्गाची तुमच्या खात्याच्या एका कचेरीला भेट ठरली होती. ती आम्ही मागितलेली नव्हती. शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून आलेल्या अधिकाऱ्यांनीच माईकवरून जाहीर केलं, "मुलांनो, एक दिवस आमच्याकडे या, निरीक्षक काय काम करतो ते दाखवतो." टाळ्या पडल्या. रीतसर पत्र गेलं, तारीख मिळाली, पालकांच्या सह्या झाल्या. त्या दिवशी गेटवर शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगला गेलेत, आम्हाला काही सांगितलेलं नाही, आणि पोरांना आवाज करू देऊ नका. मुलं उन्हात ताटकळली आणि परत आली. गाडीचं भाडं मी खिशातून भरलं, ते जाऊ द्या. (जाऊ द्या म्हणतोय खरा, पण पावती जपून ठेवली आहे.) मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली ती वेगळी.

एवढ्याशा गोष्टीसाठी खुलं पत्र कशाला, असं आपल्या कार्यालयात कुणी तरी म्हणेलच. तर ऐका. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे आईवडील सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आहेत, त्यातले बरेच ठेकेदाराकडे. करिअर मार्गदर्शनाला येणारे वक्ते या मुलांना दोनच वाटा दाखवतात : आयटीआय करून बापाच्याच कारखान्यात मशीनवर उभं राहा, नाही तर थेट कलेक्टर व्हा. कारखान्यांची तपासणी करणारा निरीक्षक इंजिनिअर असतो, बॉयलर तपासणारा वेगळा असतो, किमान वेतन मिळतं का हे पाहणारा सरकारी कामगार अधिकारी असतो, धोक्याच्या कामावरच्या माणसांची तपासणी करायला कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये डॉक्टरचीसुद्धा तरतूद होती. यातलं काहीही त्यांच्या कानावर पडत नाही. एका मुलीने वहीत प्रश्न लिहून आणला होता : 'मशीन बंद करा असं मालकाला सांगायचा अधिकार कोणाला असतो, आणि त्यासाठी काय शिकावं लागतं?' हा प्रश्न तिने शिपायाला विचारायचा होता का?

माझे वडील अंबडला पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर होते. उजव्या हाताची दोन बोटं गेली. यंत्राच्या धोकादायक भागाला संरक्षण हवं, असं त्याच कारखाने अधिनियमाचं कलम २१ सांगत होतं. पण गार्ड (यंत्रावरचा तो संरक्षक अडसर) लावला की नग कमी निघतात, म्हणून तो काढून कोपऱ्यात ठेवलेला होता. कंपनीने कागदावर कामगाराचा निष्काळजीपणा लिहून घेतला आणि वडिलांनी डाव्या हाताने सही केली. भरपाईसाठी आई या टेबलावरून त्या टेबलावर हिंडली, मी तिची पिशवी धरून मागे. कुणी तिला बसा म्हटलं नाही. त्या खुर्चीत आपल्यातलं कुणी बसू शकतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. यायचं कुठून? कुणी आत नेऊन दाखवलंच नव्हतं. वडील गेले, पण प्रेसचा आवाज आला की आईचा हात आजही थांबतो. हे सगळं त्या गेटपाशी उभं असताना आठवलं, म्हणून हे पत्र एवढं कडू झालं आहे.

वर्गात आम्ही नारायण मेघाजी लोखंडे शिकवतो. त्यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. मुलं म्हणतात, "सर, पप्पांना रविवारीपण जावं लागतं." आता काय सांगू? सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच मंत्रिमंडळाने रोजचे ९ तास १२ करायला मंजुरी दिली, हे सांगू? इथे ठेकेदारांनी तो निर्णय कधीच अमलात आणलाय, तुमच्या मंजुरीआधीच!

१ जानेवारी २०२३ ला इगतपुरीजवळ मुंढेगावच्या कारखान्यात आग लागली, माणसं गेली. नेते आले, मदत जाहीर झाली, चौकशीची भाषा झाली. औद्योगिक वसाहतीत चहाच्या टपरीवर विचारा, लोक म्हणतात निरीक्षकांच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत, कुणी म्हणतं त्याहून जास्त. खोटं असेल तर मंजूर पदं किती आणि भरलेली किती, ते कचेरीबाहेरच्या फलकावर लावा. माणसं नाहीत म्हणून तपासणी नाही, आणि भरती नाही म्हणून माणसं नाहीत. भरती करायची वेळ आली तेव्हा २०२३ मध्ये सरकारने सरकारी पदंच एजन्सीमार्फत भरायचा आदेश काढला होता. ओरड झाली म्हणून मागे घेतला. ठेकेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या खात्यातच ठेकेदार आणायचा म्हटल्यावर मुलांना कशाची ओळख करून देणार होता आपण?

मला सत्कार नको, दिलगिरीचं पत्रही नको. 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित शाखेकडे पाठवले आहे' हे तर मुळीच नको, तशी बरीच आईच्या ट्रंकेत आहेत. दहावीच्या सराव परीक्षेआधीचा एक दिवस द्या, काम करणारा एक निरीक्षक द्या, साहेब नसले तरी चालेल. आणि गेटवर आधी निरोप ठेवा. वहीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलीला तुमच्या खात्यातल्या माणसाकडूनच मिळालं पाहिजे, माझ्याकडून नव्हे.

आपला,
सातपूरचा एक शिक्षक