दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे आकडे

संपादक महोदय,

रुग्णालयातल्या नोंदींवरून झालेल्या संशोधनाच्या बातमीत ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित’ असा मथळा सर्रास दिसतो. कोणता रुग्ण कुठल्या गटात मोजला, हे मात्र क्वचितच छापले जाते. पित्ताशय काढताना सुरुवात दुर्बिणीने होते. आत सगळे चिकटलेले निघाले किंवा रक्तस्राव आवरेना, की पोट उघडावे लागते. असे रुग्ण ‘उघड्या’ शस्त्रक्रियेच्या गटात टाकले, की अवघड रुग्णांचे खापर तिच्यावर फुटते आणि दुर्बीण नामानिराळी! त्यांची मोजणी मूळ ठरलेल्या गटातच व्हायला हवी.

जखमेतल्या जंतुसंसर्गाचे आकडेही जपूनच वाचावेत. त्यासाठी ३० दिवस, कृत्रिम सांधा बसवला असल्यास ९० दिवस पाठपुरावा लागतो. रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी जातो, पू होतो आठवड्याने. कोणी चौकशी केली नाही तर केसपेपरवरचा रकाना कोराच राहतो आणि त्याचा अर्थ ‘संसर्ग नाही’ असा लावला जातो. धूम्रपानाच्या रकान्याचेही तेच; कोरा असला की ‘धूम्रपान नाही’ असे धरले जाते.

धोक्याच्या पटींचा घोळ वेगळाच. समजा, धूम्रपान करणाऱ्या १०० जणांपैकी ४० जणांना गुंतागुंत झाली, न करणाऱ्या १०० पैकी २० जणांना. धोका दुप्पट. ‘ऑड्स रेशो’ (प्रत्येक गटात गुंतागुंत झालेल्यांना न झालेल्यांनी भागायचे आणि त्या दोन भागाकारांचे गुणोत्तर काढायचे; इथे ४०/६० भागिले २०/८०) मात्र २.६७ येतो आणि बातमीत ‘पावणेतीनपट धोका’ छापून येतो. निदान दोन्ही गटांतले मूळ आकडे तरी बातमीत द्यावेत, ही विनंती.

– वैद्यकीय संख्याशास्त्राचे दोन अभ्यासक